खुर्ची बदला, मग बोला

माझ्या मामेभावाचा, सुहासचा, पुण्याहून फोन आला तेव्हा नळाला पाणी आलं होतं आणि मी पिंप भरत होते. "मंदाताई, नाना गेले," तो म्हणाला. "सकाळी चहा घेतला, डोळे मिटून बसले… तसेच." मी नळ बंद केला. मग मला जे जमतं ते मी केलं. डॉक्टर येऊन गेले का, दाखला मिळाला का, कुणाकुणाला कळवलंस, पुण्याला पोचायला मला किती वेळ लागेल, सगळं विचारलं. सुहास एकेक उत्तर देत गेला. शेवटी म्हणाला, "ताई, आता बस कर." तेव्हा मी खाली बसले.

निघायच्या आधी नानांच्या शेजारच्या जनाबायला सांगणं भाग होतं. जनाबाय खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन भिवंडीत आलेली, वयाने नानांच्या बरोबरीची. ती ओट्यावर कोळंबी सोलत होती. मी सांगितल्यावर तिचे हात थांबले. मग तिने विचारलं, "आन् पावना? त्याला आता कोन बगल?"

हा पाहुणा कोण ते आधी सांगायला हवं, नाहीतर नाना कळायचे नाहीत.

नाना माझे सख्खे मामा. सगळी आळी त्यांना नाना म्हणायची, मी नानामामा. भिवंडीतल्या एका शाळेत त्यांनी इंग्रजी आणि इतिहास शिकवण्यात हयात घालवली. घर बैठं, दोन खोल्यांचं, पुढे जाळीची पडवी. उजव्या हाताला जनाबायचं घर, डाव्या हाताला युसूफभाईंचा लूमचा कारखाना. कारखान्याची आणि घराची भिंत एकच, त्यामुळे लूम चालू असले की मामांच्या मांडणीवरच्या वाट्या थरथरायच्या. मी त्याच आळीत, चार घरं सोडून राहते आणि एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. मामी गेल्यापासून मामांचा डबा, औषधं, विजेचं बिल, गॅसचा नंबर या गोष्टी माझ्या कागदावर असायच्या. मामा म्हणायचे, "मंदे, तुझ्या यादीत मी कितवा?" मी म्हणायचे, "दुधानंतर."

कल्याणच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना ते पुस्तक मिळालं होतं. युरोपात प्रबोधनाच्या काळात होऊन गेलेल्या एका पंडिताची पत्रं, विचार आणि चरित्र, इंग्रजीतून. पुठ्ठा गेलेला, पहिली काही पानं नाहीत, त्यामुळे खुद्द पुस्तकाचं नाव मामांनाही बरेच दिवस माहीत नव्हतं. रोज दुपारी शब्दकोश मांडीवर घेऊन ते दोनतीन पानं वाचायचे. मठात वाढलेला, पण मठात न रमलेला हा माणूस आयुष्यभर या गावाहून त्या गावाला फिरला, थंडीला भिणारा, पोटाने दुबळा, राजांपासून धर्मगुरूंपर्यंत कुणाचीही थट्टा करणारा, आणि ती थट्टा अशी की ज्याची केली तोही आधी हसायचा आणि घरी गेल्यावर विचारात पडायचा. मामा त्याचं नाव घेत नसत. "न बोलावता आला आणि मुक्कामाला राहिला, म्हणजे पाहुणाच," असं म्हणायचे. त्याचं एखादं वाक्य म्हणून काही फेकणं हेही त्यांनी कधी केलं नाही. ते फक्त म्हणायचे, "पाहुणा यावर हसला असता," किंवा "हे पाहुण्याला पटलं नसतं."

जनाबाय हे सगळं कुंपणापलीकडून ऐकत होती. मास्तरांकडे पाहुणा आलाय, तो दिवसभर आत असतो, बाहेर काही दिसत नाही, आणि मास्तर त्याच्याशी दुपारी हळू आवाजात बोलतात. मामी तेव्हा नुकतीच गेलेली. घरात बाईमाणूस नाही, पाहुण्याच्या जेवणाचं काय, म्हणून एके दिवशी तिने तांदळाच्या भाकरी आणि खाडीच्या निवट्यांचं कालवण पातेलंभर पाठवलं. पाठवलं म्हणजे स्वतःच घेऊन आली. मी तेव्हा मामांच्या औषधाच्या गोळ्या डबीत भरत होते.

"पावना जेवला का?" तिने विचारलं.

मामांनी चष्मा काढला. थट्टा करायची की खरं सांगायचं हे त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "जनाबाय, घोटाळा झाला. त्याला मासळीचा वाससुद्धा सोसत नाही."

"म्हंजे बामन हाय?"

"तिकडचा भटजीच म्हणायचा."

"मंग तुमी जेवा. त्याला पिठलं करून घाला," म्हणून ती पातेलं ठेवून निघाली. मामांनी तिला परत बोलावलं, पुस्तक दाखवलं, आणि हा माणूस मरून शेकडो वर्षं झाली असं सांगितलं. जनाबायने पुस्तकाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. "इतकी वर्सं झाली, तरी बोलतो?" मामा म्हणाले, "मेल्यावरच जास्त बोलतो." ती हसली नाही. पण त्यानंतर दर वेळी कालवण आणताना तिचा प्रश्न ठरलेला असायचा. पावना जेवला का?

मासळी न सोसणं हे त्या पंडिताच्या चरित्रात खरोखरच होतं. मामांना त्या दिवशी ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त आनंद झाला ती ही.

शाळेतही ते असेच. त्यांच्या निरोप समारंभात वक्ते नेहमीप्रमाणे त्यांच्या गुणांचं वर्णन करून बसले. उत्तराला मामा उभे राहिले आणि त्यांनी न समजणाऱ्या मुलांची स्तुती केली. ज्यांना पहिल्या झटक्यात समजलं त्यांच्यासाठी मी नुसता घंटेची वाट बघायचो, म्हणाले, पण ज्यांना तीनदा सांगूनही कळलं नाही त्यांच्यामुळे मला तीन वेगळ्या तऱ्हांनी सांगता यायला लागलं, तेव्हा माझे खरे गुरुजी मागच्या बाकावर होते. मागच्या बाकावरचे काही जण आता कारखान्यांचे मालक होऊन पहिल्या रांगेत बसले होते. ते सगळ्यात जोरात हसले आणि नंतर त्यांच्यातल्या एकाने डोळे पुसलेले मी पाहिले.

आता खुर्च्यांकडे येते. पडवीत दोन खुर्च्या होत्या. एक मामांची वेताची, हातांवरचा वेत गुळगुळीत झालेली, दुसरी लोखंडी, घडीची. त्या पंडिताच्या काळात शाळेतल्या मुलांना एकाच प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडायला लावायचे, हे मामांनी पुस्तकात वाचलं आणि आधी वर्गात करून पाहिलं. निवृत्त झाल्यावर वर्ग राहिला नाही, पण आळी होती. आणि लोडशेडिंगची ती वर्षं. लाइट गेली की युसूफभाईंचे लूम थांबायचे, त्यांच्यामागचे, त्यांच्याही मागचे थांबायचे, आणि भिवंडीत एकदम माणसांचा आवाज ऐकू यायचा. एरवी ओरडून बोलायची सवय असलेली माणसं पंखा बंद म्हणून बाहेर येत आणि हळू आवाजात बोलत. भांडणं तेव्हाच निघायची, कारण एकमेकांचं ऐकू तेव्हाच यायचं. मामा म्हणायचे, "लाइट गेली, कोर्ट भरलं."

नियम एकच होता. दोघांनी समोरासमोर बसायचं, पण आपल्या खुर्चीवरून बोलायचं नाही. खुर्ची बदलायची आणि समोरच्याची बाजू त्याच्याच तोंडून बोलल्यासारखी मांडायची. समोरचा म्हणेल की हो, माझं म्हणणं हेच, तेव्हाच पुढे. मामा स्वतः पायरीवर बसायचे. "आपल्या बाजूचा वकील सगळ्यांना मिळतो," म्हणायचे, "समोरच्याचा वकील व्हायला माणूस मिळत नाही."

त्या कोर्टातला मला आवडणारा खटला जनाबाय आणि युसूफभाई यांचा. जनाबाय कारखान्याच्या मागच्या भिंतीशी दोरीवर बोंबील सुकवायची. कारखान्याच्या खिडकीतून कापसाचं तूस उडून बोंबलांवर बसायचं. उलट बोंबलांचा वास आत कोऱ्या कापडाच्या गाठींना लागायचा. दोघांचं बोलणं बंद झालं होतं. एका दुपारी लाइट गेल्यावर मामांनी दोघांना आणून बसवलं आणि खुर्च्या बदलायला लावल्या.

जनाबायने पदर खोचला आणि युसूफभाई होऊन हिंदीत सुरुवात केली. "मेरा माल ब्यापारी वापिस करताय. बोलताय, ये कापडा हाय का बोंबील? मैं क्या करू? लूम बंद करू?" युसूफभाईंच्या मिशीत हसू आलं, पण त्यांनी मान हलवली, बरोबर. मग ते मराठीत बोलायला लागले. युसूफभाई भिवंडीतच जन्मलेले, मराठी स्वच्छ. "मी जनाबाय. माझे बोंबील धुतले तरी कापूस जात नाही. पावसाळ्यात मासळी मिळत नाही, तेव्हा घरात हेच असतं. आणि माझा मुलगा वेगळा राहायला गेलाय. तो फक्त बोंबील न्यायला येतो. बोंबील खराब झाले तर तो कशाला येईल?"

जनाबाय त्यांच्याकडे बघत राहिली. "हे मी कवा बोल्ले?"

"नहीं बोली," युसूफभाई म्हणाले. "दिखता है."

निकाल द्यायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी युसूफभाईंनी दोरीवर घालायला नापास झालेलं मलमलीचं कापड पाठवलं, आणि माल जायचा असेल त्या दिवशी जनाबाय दोरी आपल्या दारात बांधू लागली. कापडाला वास नको म्हणून आणि बोंबलाला कापूस नको म्हणून. मामा दोन दिवस खुशीत होते.

सगळे मामांना मानायचे असं मात्र नाही. "नाना कुणाच्याच बाजूचे नसतात," असं बरेच जण म्हणायचे, आणि ते चांगल्या अर्थाने नसायचं. धर्माच्या नावाने लोकांचे दोन तट पडले तेव्हा तो पंडितही मधेच उभा राहिला होता आणि दोन्हीकडच्यांनी त्याला भित्रा ठरवलं होतं, असं मामा सांगायचे. "दोन्हीकडून दगड आले म्हणजे आपण मधे आहोत एवढं तरी कळतं." हे ऐकायला बरं वाटायचं. पण मी त्यांना एकदा म्हटलं होतं, मामा, कधीकधी एका बाजूला उभं राहावं लागतं. ते म्हणाले, "लागतं. आणि ते मला जमत नाही. पाहुण्यालाही जमलं नसावं." त्यात थट्टा नव्हती.

आणि एक गोष्ट त्यांनी कधीच खुर्चीवर आणली नाही, ती म्हणजे सुहास. सुहास त्यांचा एकुलता मुलगा. पुण्यात नोकरी, बायको, मुलगी. मामी गेल्यापासून तो दर सुट्टीत यायचा आणि म्हणायचा, नाना, चला पुण्याला. मामा म्हणायचे, पाहुण्याला एकटं टाकून कसा येऊ. सुहास हसायचा, मी हसायचे, आणि विषय तिथे मिटायचा. आळीतल्या सगळ्यांना खुर्च्या बदलायला लावणारा हा माणूस मुलाच्या प्रत्येक प्रश्नाला विनोद करून वाटेला लावत होता. मला ते दिसत होतं. पण मामा इथे राहावेत असं मलाही वाटत होतं, म्हणून मी बोलले नाही.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. हॉस्पिटलातून परत आले ते काठी टेकत, उजवा हात लुळा, आणि वाचा पूर्ण गेलेली. समजत सगळं होतं. डोळे तसेच होते, थट्टेला तयार. पण शब्द येत नव्हता, आणि डाव्या हाताने लिहिलेलं त्यांना स्वतःलाच वाचता येत नव्हतं.

सुहास आला तो त्यांना न्यायच्या तयारीनेच. आम्ही पडवीत बसलो, मी वेताच्या खुर्चीवर, सुहास लोखंडीवर, मामा बाकड्यावर. लूम चालू होते, म्हणून आम्ही ओरडत होतो. मी सांगत होते की दिवसभराची बाई मिळाली आहे, व्यायाम करून घ्यायला माणूस येणार आहे, डबा माझ्याकडून, डॉक्टर हाकेच्या अंतरावर, सगळं ठरलं आहे. सुहास सांगत होता की पुण्यात त्याने खोली रिकामी केली आहे, तिथेही डॉक्टर आहेत, आणि तो त्यांचा मुलगा आहे. मी म्हटलं, मुलगा आहेस ते मला माहीत आहे. तो म्हणाला, माहीत असल्यासारखं वागताना दिसत नाहीस. मामांच्या डोक्यावरून आम्ही मामांबद्दल भांडत होतो.

तेवढ्यात लाइट गेली. लूम थांबले. आमचे दोघांचे आवाज एकदम फार मोठे झाले आणि आम्ही गप्प झालो.

मामांनी काठी जमिनीवर आपटली. मग काठीचं टोक उचलून आधी माझ्या खुर्चीकडे दाखवलं, मग सुहासच्या, मग परत माझ्या. सुहासला समजलं, पण तो उठेना. मामांनी पुन्हा काठी आपटली. आम्ही उठलो आणि जागा बदलल्या.

वेताची खुर्ची मामांची होती, म्हणून सुहासने माझ्याऐवजी मामाच व्हायचं ठरवलं. मग बोलू लागला. "मी नाना. मला पुण्याला जायचं नाही. तिथे मी सुहासचे वडील. इथे सुहास माझा मुलगा. तिथे मला कुणी मास्तर म्हणणार नाही. लूमच्या आवाजाशिवाय मला झोप लागत नाही." तो थांबला. "आणि मला कुणाला जड व्हायचं नाही. ते बोलता येत नाही म्हणून मी विनोद करतो. सुहास हसला की मला वाटतं, सुटलो."

मामा त्याच्याकडे बघत होते. होकाराची मान हलवली नाही, नकाराचीही नाही.

माझी पाळी आली. सुहास व्हायचं म्हणजे काय बोलायचं, हे मला खरंच सुचेना. मी खोलीबद्दल बोलले, डॉक्टरांबद्दल बोलले. मामांनी काठीने जमिनीवर हलकेच टकटक केली. म्हणजे हे नव्हे. मग मी म्हटलं, "मी सुहास. सकाळी मंदाताईचा फोन आला की उचलायच्या आधी मी एक क्षण थांबतो. दर वेळी. मला असं लांबून भीत बसायचं नाही." सुहासने तोंड फिरवलं.

तेव्हा मामा उठले. काठी टेकत माझ्यापर्यंत आले आणि मला उठायची खूण केली. मी उठले. ते लोखंडी खुर्चीत बसले, सुहासच्या जागी. बोलता येत नव्हतं, त्यामुळे मांडायचं काही नव्हतं. नुसते बसून राहिले, समोरच्या वेताच्या खुर्चीकडे, म्हणजे स्वतःकडे बघत. मुलाच्या जागेवरून आपण कसे दिसतो, ते बघत असावेत… मग त्यांनी डावा हात छातीवर ठेवला आणि त्याच हाताने बाहेर उभ्या असलेल्या सुहासच्या गाडीकडे बोट केलं.

जाताना ते पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. जनाबाय गाडीच्या खिडकीशी आली. "पावन्याला घेतला का?" मामांनी हाताने पुस्तक थोपटलं.

पुण्यात ते वर्षभरही नव्हते. सुहास रोज संध्याकाळी फोन लावून त्यांच्या कानाशी धरायचा आणि मी आळीच्या बातम्या सांगायचे. आवडलं की ते फोनवर नखाने टिचकी मारायचे. जनाबायने मासळीचं काही विचारलंय असं सांगितलं की दोन टिचक्या. सुहासने त्यांच्यासाठी गॅलरीत दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. तो आणि त्याची बायको शब्दाला शब्द वाढवू लागले की आतून काठीचा आवाज यायचा, असं सून सांगत होती. आता काठी वाजत नाही, पण आम्ही थांबतो, म्हणाली.

गेल्या आठवड्यात सुहास किल्ली देऊन गेला. घर युसूफभाईंना कार्यालयासाठी भाड्याने द्यायचं ठरलं आहे. त्याने मला आधी विचारलं आणि मी हो म्हटलं. पुस्तक तो वाचतो आहे, शब्दकोश घेऊन. तिसऱ्या पानावर अडलोय, म्हणाला.

रविवारी मी घर आवरायला गेले. भांडी, कपडे, शाळेला द्यायची पुस्तकं, सगळं वेगवेगळं बांधलं. पडवीत आले आणि लाइट गेली. लूम थांबले. मला काही घाई नव्हती, तरी बसायची सवय नाही म्हणून उभीच राहिले. मग वेताच्या खुर्चीत बसले.

जनाबाय झाकलेलं पातेलं घेऊन आली. मला तिथे बघून तिने पातेलं खाली ठेवलं आणि कुणी न सांगता लोखंडी खुर्चीवर बसली. आम्ही दोघी समोरासमोर.

"मंग? मी कोन?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "तू मंदा हो."

तिने पदर खोचला. एकदा गळा साफ केला. "नाना," ती म्हणाली, माझ्यासारखंच चटचट बोलत, "मी तुमचा समदा बगत व्हते. डबा, गोल्या, डाक्टर. बाई पन ठरवलेली. आन् तुमी मना न इचारता गाडीत बसलात."

मी हेच म्हटलं असतं. इतक्या महिन्यांत एकदाही म्हटलं नव्हतं.

आता उत्तर देणं माझ्याकडे होतं, नानामामा म्हणून. मी खुर्चीच्या हातांवर हात ठेवले. वेत गार होता.

"विचारलं असतं," मी म्हटलं, "तर तू जाऊ दिलं नसतंस, मंदे. आणि मी राहिलो असतो."

जनाबाय माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हळूच मान हलवली, बरोबर, अशी. भिंतीपलीकडे एक लूम सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे. आतल्या बांधलेल्या भांड्यांमधून वाट्यांची बारीक थरथर ऐकू येऊ लागली. ती पुढे काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. तिने झाकण काढून पातेलं माझ्यापुढे सरकवलं. निवट्यांचं कालवण होतं.